जुन्या ब्राउझरमध्ये पारदर्शक चित्रं बिघडतात तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत वेबसाइट आणि डिझाइनचं काम करताना हे प्रश्न मला सतत येतात. कधी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानातून, कधी तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याकडून, कधी एखाद्या पतसंस्थेच्या शाखेतून. तक्रार थोड्याफार फरकानं एकच असते : "लोगो माझ्याकडं नीट दिसतोय, पण तिकडं त्याच्यामागं डबा येतोय." फोनवर हे नीट समजावता येत नाही, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. जुनं मशीन वापरणाऱ्या माणसालाही पान स्वच्छ दिसलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. थोडी काळजी घेतली तर ते जमतं.

"डबा येतो" म्हणजे नक्की काय होतं?

लोगो गोल असो, झाडाच्या पानाच्या आकाराचा असो की सतारीच्या, फाइल कायम चौकोनीच असते. आकाराबाहेरची जागा रिकामी ठेवायची आहे, ही नोंद फाइलच्या आतच केलेली असते. जेपीजी, जीआयएफ, पीएनजी हे चित्रफाइलचे प्रकार, आणि ती करायची पद्धत प्रत्येक प्रकारात वेगळी आहे.

जेपीजीमध्ये अशी नोंद ठेवायची सोयच नाही. जीआयएफमध्ये १९८९ च्या आवृत्तीपासून एक सोय आली : फाइलमधल्या जास्तीत जास्त २५६ रंगांपैकी एक रंग 'हा दाखवू नका' म्हणून ठरवता येतो. म्हणजे तिथं पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, एक तर दिसतो, नाही तर दिसत नाही. पीएनजीत मात्र प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांबरोबर चौथा आकडा देता येतो, ० ते २५५ असा. ० म्हणजे पूर्ण आरपार, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, आणि मधले सगळे कमी-जास्त धूसर. यालाच अल्फा चॅनल म्हणतात. लोगोखालची मऊ सावली, गोलाची गुळगुळीत कड, हळदीच्या ढिगावर उडालेली भुकटी, हे सगळं त्या मधल्या आकड्यांवर उभं असतं.

जुना ब्राउझर हा चौथा आकडा वाचत नाही किंवा अर्धवट वाचतो. रिकामी जागा मग तो स्वतःच्या मर्जीनं कुठल्या तरी रंगानं भरतो. तो भरलेला चौकोन म्हणजे तुम्हाला दिसणारा डबा.

आमच्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर डबा करडाच का दिसतो? फाइलमध्ये तर करडा रंग नाही.

फाइलमध्ये नाहीच, तुमचं बरोबर आहे. तो इंटरनेट एक्सप्लोरर ६ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरनं भरलेला रंग आहे.

पीएनजीचं पहिलं अधिकृत तपशीलपत्रक १ ऑक्टोबर १९९६ ला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं जाहीर केलं. जीआयएफमधल्या दाबण्याच्या पद्धतीवर पेटंटचा दावा झाल्यानंतर लोकांना मोकळा पर्याय हवा होता, त्यातून हा प्रकार जन्मला. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये, पुढं विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी गेला, पण अल्फा चॅनल त्याला धड कळत नव्हता. मॅकसाठीच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ला २००० मध्येच तो कळत होता, म्हणजे काम अशक्य कोटीतलं नव्हतं. विंडोजवर ते ऑक्टोबर २००६ मध्ये, सातव्या आवृत्तीत झालं. तपशीलपत्रकानंतर दहा वर्षांनी! त्या दहा वर्षांत बसवलेली कितीतरी मशीन आणि बनवलेली पानं अजून वापरात आहेत.

करड्या रंगाबद्दल एक गोष्ट उपयोगाची आहे. पीएनजीत 'मागचा रंग सुचवा' असा एक छोटासा तुकडा असू शकतो, त्याला बीकेजीडी म्हणतात. एक्सप्लोरर ६ पूर्ण अल्फाची फाइल उघडताना तो तुकडा बघतो. असेल तर तो रंग भरतो, नसेल तर आपला करडा भरतो. म्हणून तुमच्या पानाचा मागचा रंग एकच आणि सपाट असेल, तर फाइल सेव्ह करताना गिंप या चित्रं सुधारायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये 'सेव्ह बॅकग्राउंड कलर' हा पर्याय वापरून तोच रंग आत लिहून ठेवा. नव्या ब्राउझरवर त्याचा काही परिणाम होत नाही, जुन्यात डबा पानात मिसळून जातो.

दोष ब्राउझरचा आहे की फाइलचा, हे कसं ओळखायचं?

आधी फाइल तपासा. माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींत फाइलच मुळात पारदर्शक नसते, असं फार वेळा निघतं. ब्राउझर बिचारा जे दिलंय ते दाखवत असतो.

लिबरऑफिस रायटर किंवा वर्डमध्ये गडद पिवळ्या रंगाचा एक चौकोन काढा आणि फाइल त्यावर ठेवा. पिवळा आरपार दिसला तर फाइल चांगली आहे. पांढरा, काळा किंवा करड्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट दिसला तर ती आधीच बिघडलेली आहे. चौकड्यांचा पट ही तर नेहमीची फसगत. इंटरनेटवर शोधून उतरवलेल्या पुष्कळ 'पारदर्शक' चित्रांत तो पट चित्राचाच भाग असतो.

ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले आकडे (बाइट) एकेक करून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून सव्विसावा बाइट बघावा. तिथं ६ असेल तर पूर्ण रंग आणि अल्फा, ४ असेल तर काळ्या-पांढऱ्या छटा आणि अल्फा, ३ असेल तर रंगांची ठरलेली यादी, २ असेल तर अल्फाविना साधे रंग. पहिल्या बाइटमध्ये १३७ (हेक्स एडिटरमध्ये तो ८९ असा दिसतो) आणि पुढच्या तिनात पी, एन, जी ही अक्षरं नसतील, तर कुणीतरी जेपीजीचं नुसतं नाव बदलून पीएनजी केलंय. एकदा लोगोच्या तक्रारीवर मी पूर्ण दुपार सीएसएस, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणारा कोड, तपासत बसलो होतो, आणि शेवटी निघालं हेच. तेव्हापासून सव्विसावा बाइट आधी, बाकी सगळं नंतर.

लोगो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पीएनजीच होता, तरी मागं रंग आला. का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत जेपीजी होतं, आणि जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही. पाठवणाऱ्याला सांगा : पेपरक्लिपचं चिन्ह दाबा, 'डॉक्युमेंट' निवडा, मग फाइल पाठवा. तशी पाठवली की जशीच्या तशी पोचते. ईमेलनं पाठवली तरी चालेल.

जुन्या विंडोजमधल्या पेंटचंही असंच आहे. त्यात पारदर्शक पीएनजी उघडून परत सेव्ह केली की रिकामी जागा कायमची भरली जाते. फक्त आकार लहान करायला म्हणून लोक पेंट उघडतात आणि नुकसान होऊन जातं. त्याऐवजी गिंप किंवा पेंट डॉट नेट वापरा. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरला ठेवा आणि तिला हात लावू नका.

एवढं करण्यापेक्षा ते कॉम्प्युटर बदलून का टाकत नाहीत?

बदलता आले तर बदलावेच, पण प्रत्येकाची अडचण ऐकल्याशिवाय हे बोलू नये असं मला वाटतं. वजनकाट्याला जोडलेलं मशीन एक्सपीवरच चालतं, कारण काट्याचं सॉफ्टवेअर त्यापुढं गेलंच नाही. पतसंस्थेचं जुनं खातेवहीचं सॉफ्टवेअर एक्सप्लोररशिवाय उघडत नाही आणि ते बनवणारा आता काम करत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्याकडच्या तळमजल्यावरच्या दुकानांची मशीन पाण्यात गेली, तेव्हा हाताशी जे सेकंड हँड मिळालं त्यावर काहींनी धंदा उभा केला. ती मशीन अजून चालतायत.

मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं, त्यामुळं ते मशीन इंटरनेटला जोडून बँकेचं काम करणं धोक्याचं आहे. ते फक्त ऑफिसच्या आतल्या जाळ्यापुरतं ठेवा. दुसरं म्हणजे एक्सपीवरचा एक्सप्लोरर आजकालच्या बहुतेक सुरक्षित वेबसाइट उघडूच शकत नाही, कारण सांकेतिक जोडणीच्या नव्या पद्धती त्याला कळत नाहीत. तेव्हा लोगोमागं डबा येतो की नाही, ही काळजी तिथं मुख्यतः ऑफिसच्या आतल्या पानांपुरतीच उरते. एक्सपीवर बाहेरची वेबसाइट बघायचीच वेळ आली तर फायरफॉक्स ५२ टाका. एक्सपीवर चालणारी ती शेवटची आवृत्ती आहे, आणि तिला पीएनजीचा अल्फा व्यवस्थित कळतो.

विंडोज ७ वाल्यांनी घाबरू नये. त्यावर क्रोम १०९ पर्यंत चालतं आणि पारदर्शक चित्रांच्या बाबतीत ते आजच्या क्रोमइतकंच चांगलं आहे.

सगळ्यात सोपा उपाय कोणता?

मागचा रंग चित्रातच भरून टाकणं. पानाचा तो भाग कायम एकाच रंगाचा असेल तर पारदर्शकतेचा हट्ट कशाला? हळदीच्या व्यापाऱ्याच्या पानावर वरची पट्टी पिवळी आहे ना, मग लोगो त्याच पिवळ्यावर ठेवून साधी पीएनजी करा. कुठल्याही ब्राउझरमध्ये, कितीही जुन्या मशीनवर ती बिनचूक दिसते. मागं फोटो असेल, रंगाचा उतार असेल किंवा पट्टीचा रंग बदलत असेल, तरच पुढचे उपाय बघा.

पीएनजी-८ केली की प्रश्न सुटतो, असं ऐकलं. खरं आहे का?

बऱ्याच अंशी, आणि एक्सप्लोरर ६ साठी मला हाच मार्ग सगळ्यात पटतो. पीएनजी-८ म्हणजे २५६ रंगांपर्यंतच्या यादीची पीएनजी. या यादीतल्या प्रत्येक रंगाला वेगळा अल्फा देता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अशी फाइल नव्या ब्राउझरमध्ये मऊ कडांसकट छान दिसते. एक्सप्लोरर ६ मध्ये पूर्ण भरीव पिक्सेल तसेच राहतात आणि जरासाही धूसर असलेला पिक्सेल पूर्ण अदृश्य होतो. सावली जाते, कड थोडी खडबडीत होते, पण डबा येत नाही. फोटोशॉपच्या जुन्या 'सेव्ह फॉर वेब'मध्ये अशी धूसर पीएनजी-८ होत नाही, तिथं पारदर्शक किंवा भरीव एवढेच दोन प्रकार मिळतात. पीएनजीक्वांट हे मोफत साधन मात्र ती उत्तम करून देतं.

पण याची एक मर्यादा मी मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्या कारागिरासाठी काम करताना डोळ्यांनी बघितली. चिन्ह होतं उभ्या सतारीचं. खालचा भोपळा, लांब दांडी, खुंट्या, आणि दांडीवरून पानाच्या रंगावर उतरणाऱ्या तारा. तारा एका पिक्सेलपेक्षाही बारीक असल्यानं त्यांचा एकही पिक्सेल पूर्ण भरीव नव्हता, सगळे शंभर-दीडशेच्या अल्फाचे. नव्या ब्राउझरमध्ये चिन्ह देखणं दिसत होतं. एक्सप्लोरर ६ मध्ये भोपळा दिसला, दांडी दिसली आणि तारा एकूण एक गायब झाल्या. कारागीर स्क्रीनकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तारांशिवाय सतार कसली?" मी घरी येऊन तारा पिक्सेलच्या रेषेला अचूक बसवल्या, प्रत्येकी एक पिक्सेल जाड आणि २५५ अल्फाच्या. सात मुख्य तारा त्या रुंदीत मावत नव्हत्या. कोणत्या ठेवायच्या, हे त्यांनीच ठरवलं.

तेव्हा पीएनजी-८ करताना आधी बघा : चित्राचा अर्थ बारीक रेषांवर अवलंबून आहे का? असेल तर त्या रेषा भरीव करा.

अल्फाइमेजलोडर फिल्टर म्हणजे काय? वापरावा का?

मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोरर ५.५ मध्येच, म्हणजे २००० मध्ये, एक आडवाट दिली होती. सीएसएसमध्ये फिल्टर म्हणून अल्फाइमेजलोडर लिहिला आणि त्याला चित्राचा पत्ता दिला की तोच ब्राउझर तीच पीएनजी पूर्ण अल्फासह दाखवतो. मऊ सावल्यासुद्धा नीट दिसतात. पान आतलं असेल, त्यावर एक-दोनच चित्रं असतील आणि सावली हवीच असेल, तर वापरा. पानभर मात्र पसरू नका, कारण याचे खड्डे बरेच आहेत.

चित्राचा पत्ता सीएसएस फाइलपासून नव्हे, तर एचटीएमएल पानापासून, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानापासून, मोजला जातो. 'चित्र दिसतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ज्या चौकोनाला फिल्टर लावायचा त्याला रुंदी-उंची द्यावी लागते. त्यात चित्र फरशीसारखं पुन्हा पुन्हा मांडता येत नाही आणि जागाही सरकवता येत नाही. 'क्रॉप' म्हटलं तर चित्र आपल्या मापात राहतं, 'स्केल' म्हटलं तर चौकोनाइतकं ताणलं जातं. साध्या चित्राच्या टॅगला, म्हणजे पानात चित्र घालणाऱ्या कोडला, लावायचा असेल तर मूळ जागी एक पिक्सेलची रिकामी जीआयएफ ठेवावी लागते, नाहीतर करडा डबा खाली तसाच राहतो. शिवाय प्रत्येक फिल्टर वेगळी मेमरी खातो. एकच चित्र वीस ठिकाणी असेल तर वीस वेळा. २५६ एमबीच्या मशीनवर पान उघडताना सगळं थिजल्यासारखं होतं.

आणि लिंक. एका पतसंस्थेच्या आतल्या पानावर मी मेनूच्या पूर्ण पट्टीला हा फिल्टर लावला. पट्टी सुंदर दिसली. दुसऱ्या दिवशी शाखेतल्या बाईंचा फोन आला, "दादा, व्याजदराचं पान उघडेना, माउसचा हातच होत नाही." फिल्टर लावलेल्या चौकोनाला सीएसएसमध्ये 'पोझिशन' दिलेली असेल तर त्यातल्या लिंक मरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काउंटरवर माणसं उभी असताना त्या बाईंना कागदावरून व्याजदर सांगावे लागले, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून फिल्टर एका रिकाम्या चौकोनाला देतो आणि लिंक वेगळ्या चौकोनात त्याच्यावर ठेवतो. तुम्हीही तसंच करा.

हा फिल्टर फक्त सहाव्या आवृत्तीलाच मिळावा म्हणून तो कंडिशनल कॉमेंटमध्ये, म्हणजे एक्सप्लोररला आवृत्तीनुसार वेगळी सूचना देणाऱ्या टिपेत ठेवा. सातव्या आवृत्तीपासून त्याची गरज नाही. आणि या टिपा दहाव्या आवृत्तीपासून एक्सप्लोररनंच वाचायच्या सोडल्या आहेत, हेही लक्षात असू द्या.

पारदर्शक पीएनजी दाखवणाऱ्या तयार जावास्क्रिप्ट (पानात घालायचे छोटे प्रोग्रॅम) मिळतात, त्या चालतील का?

चालतील. डीडी बिलेटेड पीएनजी ही त्यातली मला आवडलेली, कारण ती फिल्टरऐवजी व्हीएमएल या रेखाचित्राच्या पद्धतीनं चित्र काढते आणि त्यामुळं फरशीसारखं मांडणं, जागा सरकवणं जमतं. एचटीसी या एक्सप्लोररच्या खास प्रकारच्या फाइलवर चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट घेतल्या तर सर्व्हरनं ती फाइल योग्य प्रकाराच्या नावानं, म्हणजे 'टेक्स्ट एक्स-कंपोनंट' म्हणून, पाठवली पाहिजे. नाहीतर काहीच होत नाही आणि चूक कुठं आहे तेही कळत नाही.

एक्सप्लोरर ७ आणि ८ मध्ये चित्र नीट आहे, पण हळूहळू उमटवताना त्याला काळी कड येते.

हा वेगळा रोग आहे. या दोन आवृत्त्यांना पीएनजीचा अल्फा कळतो, पण सीएसएसची 'ओपॅसिटी', म्हणजे पूर्ण चित्र किती धूसर दाखवायचं ही सूचना, कळत नाही. म्हणून चित्र हळूहळू उमटवणाऱ्या स्क्रिप्ट तिथं जुना अल्फा फिल्टर वापरतात. चित्राचा स्वतःचा अल्फा आणि वरून हा फिल्टर एकत्र आले की धूसर पिक्सेल काळे पडतात. द्राक्षाच्या घडाचा फोटो सावलीसकट उमटवून बघा, घडाभोवती काजळ फासल्यासारखं दिसेल.

चित्राला मागचा सपाट रंग द्या, काळी कड बहुतेक वेळा जाते. नाहीतर या दोन आवृत्त्यांपुरतं उमटवणं बंद करून चित्र थेट दाखवा. मी हाच दुसरा मार्ग घेतो. चित्र एका झटक्यात आलं म्हणून कुणाचं काही अडत नाही.

लोगोतला पिवळा आणि पट्टीतला पिवळा एकच दिला, तरी वेगळे दिसतात.

पीएनजीत गॅमा नावाचा तुकडा असतो, रंग किती उजळ दाखवायचे हे सांगणारा. काही जुने ब्राउझर चित्रावर ती दुरुस्ती करतात, सीएसएसच्या रंगावर करत नाहीत. त्यामुळं लोगोची हळद राजापुरी आणि पट्टीची भेसळीची, असं काहीतरी दिसतं. पीएनजीक्रश या मोफत साधनानं फाइलमधले गॅमा, सीएचआरएम, आयसीसीपी आणि एसआरजीबी हे तुकडे काढून टाका, दोन्ही रंग जुळतील. फाइलही थोडी हलकी होते.

गडद पानावर लोगोभोवती पांढरी कड दिसते. तीही ब्राउझरची चूक?

नाही. चित्र कापताना मागं पांढरा कागद होता, म्हणून कडेच्या पिक्सेलमध्ये पांढरा मिसळला गेला. जीआयएफ करताना 'मॅट' म्हणून, म्हणजे कडांत मिसळायचा मागचा रंग म्हणून, पांढरा रंग निवडला असेल तरी हेच होतं. मूळ लोगो घेऊन, पानाचा जो रंग आहे तोच मॅट ठेवून परत फाइल करा. रबरानं कड खोडत बसू नका, आकार बिघडतो.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' लावून ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडतो. तिथं अर्धपारदर्शक पट्टी दिसतच नाही.

एक्सप्लोरर ११ ला १५ जून २०२२ ला विंडोज १० वर निरोप मिळाला, पण एजच्या आत त्याचं इंजिन आयई मोड म्हणून चालू आहे. ऑफिसच्या आतल्या पत्त्यांना ते इंजिन आपोआप 'कंपॅटिबिलिटी व्ह्यू'मध्ये टाकतं, म्हणजे सातव्या आवृत्तीसारखं वागायला लागतं. आणि 'आरजीबीए'नं लिहिलेला अर्धपारदर्शक रंग नवव्या आवृत्तीपासूनच कळतो. म्हणून पट्टी नाहीशी होते.

पानाच्या हेडरमध्ये 'एक्स-यूए-कंपॅटिबल' ही सूचना 'आयई बरोबर एज' अशी द्या, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. आठ अंकी रंगसंकेत मात्र अकराव्या आवृत्तीलाही कळत नाही, तो तिथं वापरू नका. आणि सीएसएसमध्ये नेहमी आधी एक भरीव रंग लिहा, त्याखाली आरजीबीए. ज्याला दुसरं कळत नाही तो पहिलं धरतो. आरपार दिसायलाच हवं असेल तर अर्धपारदर्शक पीएनजीचा छोटा तुकडा फरशीसारखा मांडा. एक पिक्सेलचा नको, निदान १० बाय १० चा घ्या, नाहीतर जुनं मशीन रेंगाळतं.

आमच्या गिऱ्हाईकाच्या जिओफोनवर लोगोच्या जागी काहीच दिसत नाही.

मग लोगो वेबपी या नव्या, हलक्या चित्रफाइलच्या प्रकाराचा असणार. जिओफोनचा ब्राउझर फायरफॉक्स ४८ च्या इंजिनावर आहे, आणि फायरफॉक्सला वेबपी कळायला लागलं ६५ व्या आवृत्तीत, जानेवारी २०१९ मध्ये. आयफोनवर ते आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून. एक्सप्लोररला कधीच नाही. एव्हीआयएफ तर त्याहून नवं आहे, आयफोनवर ते आयओएस १६ पासून.

द्राक्ष बागायतदार, शेतमजूर, टेम्पोवाले, यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात अजून हे फोन आहेत, आणि दुकानाचा पत्ता शोधणारे तेच असतात. म्हणून 'पिक्चर' टॅग वापरा. त्यात वेबपी वर द्या आणि आत साध्या चित्राच्या टॅगमध्ये पीएनजी. ज्याला वेबपी कळतं तो हलकी फाइल घेतो, ज्याला पिक्चर टॅगच माहीत नाही तो आतली पीएनजी दाखवतो. वर्डप्रेसचं एखादं प्लगइन सगळी चित्रं परस्पर वेबपी करत असेल तर मूळ पीएनजी सर्व्हरवर राहतात ना, हे तपासा.

एसव्हीजी वापरली तर?

लोगोसाठी उत्तम. एसव्हीजीत ठिपके नसतात, चित्र रेषा आणि आकारांच्या वर्णनातून काढलं जातं. कितीही मोठी केली तरी फाटत नाही आणि पारदर्शकता जन्मजात. पण एक्सप्लोरर नवव्या आवृत्तीपासून आणि अँड्रॉइडचा जुना ब्राउझर तिसऱ्या आवृत्तीपासून. त्याआधीच्यांसाठी पीएनजी जवळ ठेवा.

जुन्या आयफोनवर रंगाचा उतार मधेच मळकट दिसतो.

आयफोनचा ब्राउझर सफारी १५.४ व्या आवृत्तीच्या आधी 'ट्रान्सपरंट' शब्दाचा अर्थ पारदर्शक काळा असा लावत असे, म्हणून पिवळ्यातून रिकाम्याकडं जाताना मधे काळसर झाक यायची. शब्द न लिहिता तोच पिवळा रंग शून्य अल्फासह आरजीबीएमध्ये लिहा.

फोन डार्क मोडवर टाकला की लोगो गायब!

हा जुन्या ब्राउझरचा प्रश्न नाही, पण आता सगळ्यात जास्त हाच येतो. काळी अक्षरं, रिकामी बॅकग्राउंड, आणि मागचं पान काळं झालं, तर दिसणार काय? अक्षरांभोवती बारीक फिकट कड द्या किंवा पिक्चर टॅगमध्ये डार्क मोडसाठी वेगळा लोगो द्या.

जुन्या एक्सप्लोररमधून पीएनजी अपलोड केली तर 'चुकीचा फाइल प्रकार' येतं.

जुना एक्सप्लोरर पीएनजी पाठवताना प्रकाराचं नाव 'इमेज पीएनजी' असं न देता 'इमेज एक्स-पीएनजी' असं देतो, आणि जेपीजीला 'इमेज पीजेपेग' म्हणतो. ज्यानं फॉर्म लिहिलाय त्याला ही दोन्ही नावं स्वीकारायला सांगा. खरं तर नावावर भरवसा न ठेवता सर्व्हरवर फाइलचे पहिले बाइट तपासणं जास्त बरोबर.

सगळं केलं. आता तपासायचं कसं?

ज्या मशीनवर एक्सप्लोरर ११ अजून उघडतो, तिथं त्याच्या एफ१२ साधनांत ५, ७, ८, ९, १० या आवृत्त्यांची सोंगं घेता येतात, पण सहावी त्यात नाही. सहाव्यासाठी तुमच्याकडं एक्सपीची परवान्याची सीडी असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती बसवा आणि इंटरनेट तोडून ठेवा.

एक चाचणी पान करून घ्या. त्यावर तीन आडव्या पट्ट्या : पांढरी, हळदी पिवळी, गडद निळी. तिन्हींवर तोच लोगो. डबा, पांढरी कड, काळी कड, न जुळणारा रंग, गायब झालेली रेषा, हे सगळं या एका पानावर पकडता येतं. ते पान पेनड्राइव्हवर घेऊन प्रत्यक्ष त्या दुकानात, त्या शाखेत जा आणि तिथल्याच मशीनवर, रोज त्यावर बसणाऱ्या माणसाला शेजारी घेऊन उघडा. आपल्याला न दिसलेलं त्यांना दिसतं. सतारीच्या तारा गेल्याचं मला कळलं ते असंच.

आणि दुरुस्ती करूनही जुनंच चित्र दिसत असेल तर कंट्रोल दाबून एफ५ मारा. तरी तसंच दिसलं तर फाइलचं नाव बदलून परत चढवा, कारण मधल्या प्रॉक्सीनं, म्हणजे तुमच्या आणि वेबसाइटच्या मधल्या सर्व्हरनं, जुनी प्रत धरून ठेवलेली असू शकते.